सहावा शब्द

यंदाच्या गुड फ्रायडेला गावच्या चर्चमध्ये सहावा शब्द माझ्याकडे आला. आमच्यातले नसलेल्यांसाठी सांगते, येशू वधस्तंभावर असताना जी सात वाक्यं बोलला त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो, आणि त्या दिवशी दुपारी १२ ते ३ उपासना असते, एकेक शब्द एकेकाला वाटून दिलेला, मधे गीत, मधे प्रार्थना, की पुढचा शब्द. ही तीन तासांची पद्धत १७व्या शतकाच्या शेवटी पेरू देशातल्या लिमा शहरात आलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली, आणि ती फिरत फिरत नगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात येऊन रुजली, पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर आणि म्हातारी माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर.

पाळकसाहेबांचा फोन महिनाभर आधीच आला होता. म्हणाले, ताई, तुमच्या आई दरवर्षी तिसरा शब्द घ्यायच्या, तुम्ही यंदा सहावा घ्या. आईला जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, कारण तिसरा चालला असता, पहिला चालला असता, पण सहावा शब्द म्हणजे "पूर्ण झाले आहे", आणि आमच्या घरात आईच्या शेवटच्या वर्षात नेमकं हेच वाक्य अडकून बसलेलं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय. येशूला तहान लागते, कुणीतरी स्पंज आंबेत बुडवून एजोबाच्या काठीवर लावून त्याच्या तोंडाशी धरतं, तो ती आंब घेतो, पूर्ण झाले आहे म्हणतो, मान खाली घालतो आणि प्राण सोडतो.

ही आंब मला लहानपणी इतकी जवळची वाटायची. आमच्या हरभऱ्याच्या रानात आजी थंडीच्या दिवसात पहाटे पिकावर स्वच्छ पांढरं फडकं फिरवायची, पानांवरची ती आंबट दहिवरं फडक्यात उतरायची, मग ते पिळून बाटलीत भरून ठेवायची, वर्षभर कुणाचं पोट दुखलं की चमचाभर. हात चिरलेला असला की त्या आंबेनं असा झोंबायचा की डोळ्यात पाणी यायचं. त्यामुळे बायबलमधली आंब म्हणजे हरभऱ्याचीच असं मी किती वर्षं धरून चालले होते. ती रोमी शिपायांच्या आंबलेल्या द्राक्षारसाचं पेय असते हे पुढे कळलं, पण आजही तो भाग वाचला की मला फडकं दिसतं, आजीचे गारठलेले हात दिसतात आणि फाटलेल्या ओठांना ते किती झोंबलं असेल एवढंच मनात येतं. एजोबाचंही तसंच. योहान हे झुडूप उगाच लिहीत नाही. मिसर, म्हणजे इजिप्त देशातून बाहेर पडायच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला एजोबाच्या जुडीनेच लावलं होतं, बायबलमधल्या निर्गमच्या १२व्या अध्यायात आहे ते, आणि इथे वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या दिवसांतच पुन्हा तीच काडी. ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी योहानाने खूण करून ठेवलीय.

तर शब्द. मराठीत एखादी गोष्ट "संपली" म्हणणं आणि "पूर्ण झाली" म्हणणं यात केवढं अंतर आहे. आमची आई तर संपलं हा शब्दच घरात वापरू द्यायची नाही. पीठ संपलं म्हणायचं नाही, पीठ वाढलंय म्हणायचं. ही काही आमच्या धर्मातली रीत नाही, गावातल्या सगळ्याच बायकांची बोली, ती आमच्याही स्वयंपाकघरात होती. माणूस गेला की लोक म्हणतात संपलं सगळं. येशूच्या शत्रूंना त्या दुपारी तेच वाटलं असणार आणि खरं तर त्याच्या मित्रांनासुद्धा. पण तो संपलं म्हणत नाही. मत्तय आणि मार्क दोघंही लिहितात की प्राण सोडताना तो मोठ्याने ओरडला, आणि मला वाटतं ती हाक आणि हा शब्द एकच असावा, म्हणजे तो हरलेल्या माणसाचा उसासा नव्हता. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून दोरा दाताने तोडल्यावर बाई जशी गोधडी झटकून अंथरते ना, तसा तो शब्द आहे.

मूळ ग्रीकमध्ये हा एकच शब्द आहे, टेटेलेस्टाय. याच्यावर उपदेशांमध्ये एक गोष्ट नेहमी सांगतात की त्या काळी कर्ज फिटलं की पावतीवर हाच शब्द लिहायचे. मी पण ती सांगणार होते, मग जरा शोधलं तर लक्षात आलं की मिसरमध्ये सापडलेल्या ज्या पावत्यांचा दाखला देतात त्या जकातीच्या आहेत, त्यांच्यावर शब्द तोडून लिहिलेला आहे आणि अभ्यासक तो जकात भरल्याच्या वेगळ्याच क्रियापदाचा धरतात. मी ती गोष्ट काढून टाकली. प्रभूच्या शब्दाला आधार द्यायला अर्धवट पावती कशाला, तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

आणि तो कसा उभा आहे हे मला ग्रीकपेक्षा आपल्या मराठीनेच जास्त नीट दाखवलं. आई झेडपीच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती, व्याकरण तिचा जीव की प्राण. ती फळ्यावर लिहायची, "काम झाले" हा साधा भूतकाळ, "काम झाले आहे" हा पूर्ण वर्तमानकाळ, आणि पोरांना विचारायची की शेवटी आहे का आलं, घडलं तर काल ना? आणि स्वतःच सांगायची, घडलं काल पण ते आज इथं आहे म्हणून आहे. लग्न झालं म्हणजे एक दिवस मांडव पडला होता, लग्न झालेलं आहे म्हणजे ती बाई आज या घरात आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, "पूर्ण झाले" एवढ्यावर वाक्य थांबत नाही, "पूर्ण झाले आहे" असंच छापलंय, आणि ग्रीकमधला काळही नेमका तोच आहे, एकदा झालेलं आणि झालेलंच राहिलेलं. काळाचं नाव तरी बघा ना, पूर्ण वर्तमान. हे शिकवणाऱ्या बाईलाच शेवटी त्या "आहे"वर टेकता येईना याचं मला आजही आतून भरून येतं.

त्या वहीचं सांगते.

आईकडे दोनशे पानी एक वही होती, निळ्या कागदाचं कव्हर घातलेली. पहिल्या पगारापासूनची नव्हती, आधीच्या दोन भरून झाल्या होत्या, ही तिसरी. तिच्यात पट्टीने आखलेले चार रकाने. महिना, पगार, दशांश म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकतर "दिला" नाहीतर "बाकी", आणि बाकी पुढच्या महिन्यात दिली की त्या शब्दावर एक तिरकी रेघ, आणि वर बारीक अक्षरात तारीख. माझ्या कॉलेजच्या फीच्या वर्षी सात महिने बाकी आहे आणि सातही रेघांच्या तारखा पुढच्या दिवाळीच्या आतल्या आहेत. आमच्या घरी काय काटकसर झाली असेल त्या वर्षी ते मला ही वही बघूनच कळलं, तोंडाने ती कधी बोलली नाही.

तिच्या शेवटच्या आजारपणात नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला. ती दवाखान्यात, मी पुण्याहून ये-जा करतेय, कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि पेन्शन थांबली. दाखला दिल्यावर तीन महिन्यांची रक्कम एकदम आली ती तशीच्या तशी दवाखान्याच्या बिलात गेली. जून महिन्यात एका संध्याकाळी तिने ती वही मागून घेतली, चष्मा लावला, बराच वेळ पान बघत राहिली आणि म्हणाली, माझी तीन महिन्यांची बाकी राहिली गं.

मी म्हणाले, अगं आई, असं काय करतेस, देव काय सावकार आहे का?

ती म्हणाली, "सावकार नाही, म्हणूनच तर लाज वाटते."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पटकन नाही. सावकाराची भीती असती तर मी तिला शंभर वचनं वाचून दाखवली असती, तिला ती पाठच होती, रविवारच्या शाळेत तिनेच आम्हाला पाठ करून घेतलेली. इफिस २:८, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे, इथे पण बघा झालेलं आहे. पण ती भीतीचं बोलतच नव्हती. ज्याने एवढं केलं त्याच्यापुढे रिकाम्या हाताने कसं जायचं हे बोलत होती, आणि ही लाज इतकी खानदानी, इतकी प्रेमाची वाटते ना की हिच्यात काही चुकतंय हे पटकन दिसतच नाही. मला दिसायला वर्ष लागलं.

सहाव्या शब्दाची तयारी करताना मी बायबलमधलं इब्री लोकांस पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. त्याच्या १०व्या अध्यायात एक साधं निरीक्षण आहे, जे मी आधी किती वेळा वाचून पुढे गेले असेन. प्रत्येक याजक रोज सेवा करत उभा असतो आणि तेच तेच यज्ञ पुन्हा पुन्हा अर्पण करतो, पण ह्याने, म्हणजे ख्रिस्ताने, पापांबद्दल सर्वकाळासाठी एकच यज्ञ अर्पण केला आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. उभा आणि बसला. एवढंच. मग मी निर्गममधलं निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं, सगळं वर्णन काढून बसले आणि सामान मोजलं. आत भाकरींचं मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे, पडद्याच्या आत कराराचा कोश आहे, बाहेर होमवेदी आणि पितळेचं गंगाळ. बसायला काही नाही. याजकासाठी साधा चौरंगसुद्धा नाही, कारण त्याचं काम कधी व्हायचंच नाही, आज बोकड, उद्या पुन्हा, आणि वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त घेऊन पडद्याआड जाणार, बाहेर येणार, आणि पुढच्या वर्षी परत. आसन हे नाव असलेली तिथे एकच वस्तू आहे, कोशाचं सोन्याचं झाकण, त्याला आपल्या शास्त्रात दयासन म्हणतात, आणि त्याच्यावर कुठला माणूस बसत नव्हता.

त्याच अध्यायात तिसऱ्या ओवीत लिहिलंय की त्या यज्ञांनी वर्षानुवर्षं पापांची आठवण मात्र होत राहते. हे वाचलं आणि मला ती वहीच आठवली. शेऱ्याचा रकाना. म्हणजे ज्या गोष्टीने ओझं उतरायचं तिनेच दर महिन्याला आठवण करून द्यायची की बाकी आहे. आणि मग प्रेषित पौलाचं कलस्सैकरांस पत्र, दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र त्याने खोडलं आणि वधस्तंभाला खिळून टाकलं. तिथला ग्रीक शब्द आहे खेइरोग्राफॉन, म्हणजे शब्दशः हाताने लिहिलेलं, कर्ज घेणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली चिठ्ठी. सावकाराने लिहिलेली नाही हं, आपणच, आपल्याच सुंदर वळणदार अक्षरात, पट्टीने रकाने आखून. आईचं अक्षर फार सुंदर होतं.

हे दुखणं फक्त आमच्या आईचं नाही याचा मला पंडिता रमाबाईंमुळे धीर आला. रमाबाईंचं बालपण म्हणजे पायी तीर्थयात्रा, वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगायचे, आई पोरीला संस्कृत शिकवायची, नद्यांची स्नानं, उपास, दानं, असेल नसेल ते सगळं देऊन टाकलेलं, आणि १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग बहीण अशी माणसं डोळ्यांदेखत उपासमारीने गेली. त्या श्रद्धेला कुणी नावं ठेवू नयेत, एवढं झिजणं फार थोड्यांना जमतं. पण मला जे हलवून गेलं ते पुढचं आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी जिवाचं रान केलं, आणि १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सरळ सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. आठेक वर्षं तशीच गेली. एवढी विद्वान बाई, चांगल्या कामात बुडालेली, आणि आतून उभीच, याजकासारखी, बसायला जागा नाही. मग १८९१च्या आसपास कधीतरी त्यांना कळलं की आपण जशा आहोत तशा यायचं आहे, हातात काही घेऊन नाही.

आणि गंमत बघा, खरं तर गंमत नाही, मला हे फार खरं वाटतं, की त्यानंतर त्यांचं काम थांबलं नाही, कितीतरी पट वाढलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं, १८९६-९७च्या दुष्काळातल्या शेकडो मुली त्यानंतरच्या, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर, १९२२ साली जाईपर्यंत. जे म्हणतात की सगळं येशूनेच केलं म्हटलं की माणूस हातपाय गाळून बसेल, त्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं. हा आक्षेप नवा पण नाही, पौलालाच लोकांनी विचारलं होतं की कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि तो जवळजवळ ओरडून म्हणतो, कधीच नाही!

माझी वसईची एक मैत्रीण आहे, कॅथलिक, आम्ही एकाच शाळेत नोकरीला होतो. तिला मी एकदा विचारलं की तुमच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, रोज वेदीवर अर्पण होतं, मग पूर्ण झालं कुठे? ती चिडली नाही, तिने नीट सांगितलं की आम्ही नवीन अर्पण करत नाही गं, कालवारीवरचं, येशूच्या वधस्तंभाच्या जागेवरचं, जे एकच आहे तेच आमच्यासमोर येतं, वेळ मधून बाजूला होते. मी प्रोटेस्टंट घरातली, मला तिचं सगळं मान्य होत नाही, पण तिच्या तोंडून "एकच" हा शब्द ज्या जिव्हाळ्याने आला तो मी विसरणार नाही. ४००-५०० वर्षं ज्याच्यावर आमची माणसं भांडली त्याच्या मुळाशी दोघींचा एकच शब्द निघाला.

चर्चमध्ये बोलायचं तर उदाहरण शेतीचंच पाहिजे, म्हणून मी नानांची गोष्ट घेतली. नाना म्हणजे आईचे चुलतभाऊ. त्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, विहिरीसाठी काढलेलं, विहिरीला पाणी लागलं नाही आणि थकत गेलं. धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला, त्याला रिटायर झाल्यावर पैसे मिळाले तेव्हा तो गावी आला आणि कुणाला न सांगता सगळं भरून निल दाखला घेऊन आला, नानांच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. नानांनी तो दाखला ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. तलाठ्याकडे नेलाच नाही. दोन वर्षं इतर अधिकारांच्या रकान्यात बोजा तसाच, आणि सोसायटीचा सेक्रेटरी समोरून येताना दिसला की नाना गल्ली बदलायचे. एकदा त्या माणसानेच त्यांना पारावर गाठलं आणि म्हणाला, नाना, तुमचं माझं काय वाकडं झालंय, मला बघून का पळता? नाना म्हणाले, भरणार आहे हो, एवढं पीक निघू द्या. तो बघतच राहिला. अहो नाना, तुमचं खातं दोन वर्षांपूर्वी निल झालंय.

नानांना मी नंतर विचारलं होतं की मामा, दाखला का नेला नाही? ते म्हणाले, धाकट्याने भरलं हे चारचौघांत सांगायला जीव होत नव्हता, वाटलं मी पण थोडं थोडं साठवून त्याला देईन आणि मग बोजा उतरवीन. ऐकताना मला आईचाच आवाज ऐकू आला, तीच लाज. कर्ज फिटलं होतं, पण ते दुसऱ्याने फेडलं हे घ्यायला मोठं मन लागतं, देण्यापेक्षा मोठं, आणि आपण आयुष्यभर द्यायलाच शिकलेलो असतो.

हे उदाहरण एका जागी लंगडं पडतं आणि ते मी चर्चमध्येही सांगितलं. नानांच्या गोष्टीत सोसायटी वेगळी आणि भाऊ वेगळा. त्यामुळे काहींच्या डोक्यात असं चित्र बसतं की देव रागावून वसुलीला बसलाय आणि येशू मधे पडून मार खातोय. तसं नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात ५व्या अध्यायात पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये स्वतःबरोबर जगाचा समेट करत होता. ज्याचं येणं होतं त्यानेच भरलं. वधस्तंभावर देवच आहे, बाहेर उभा राहून बघत नाहीये. एवढं हातातून सुटलं तर पुढचं सगळं भयंकर होऊन जातं.

आणखी एक बोलले, जे काही लोकांना आवडलं नसेल. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, वरपासून, म्हणजे माणसाने ओढलेला नाही. पण आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या मंडळ्यांमध्ये पूर्वीचे महार आणि पूर्वीचे मांग यांच्यात पिढ्यानपिढ्या सोयरिक होत नव्हती, अजूनही स्थळ बघताना आडून आडून विचारतातच. देवाने फाडलेला पडदा आम्ही सुईदोरा घेऊन शिवत बसलोय. ज्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेर जन्मलो म्हणून कपाळावर लिहिलेली बाकी वाहिली, आणि एके दिवशी ऐकलं की सगळं पूर्ण झालेलं आहे, तू आत ये, त्यांची आम्ही नातवंडं, आम्हाला तर हे कुणी शिकवायला नको होतं. हे बोलताना माझा आवाज चढला. चढू दिला.

मग मी वहीचं सांगितलं. सांगायचं का नाही रात्रभर ठरत नव्हतं, ती आईची खाजगी गोष्ट, आणि तिला तिथे सगळे बाई म्हणून ओळखायचे, निम्म्यांना तिने बाराखडी शिकवलेली. पण "पूर्ण झाले आहे" वर बोलायचं आणि ज्या वाक्याने मला वर्षभर झोपू दिलं नाही ते लपवायचं, हे जमलं नसतं. मी म्हणाले, माझ्या आईच्या वहीत तीन महिन्यांची बाकी राहिली आहे आणि ती मी भरलेली नाही, भरणारही नाही. तिच्या नावाने दान देईन, आनंदाने देईन, पण त्या तीन शब्दांवर रेघ मी मारणार नाही, कारण ती मारून झालेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास, हरभऱ्याच्या आंबेसारखं काहीतरी झोंबणारं ओठाला लावल्यावर, तिचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. सगळी मंडळी गप्प होती. पंख्याचा आवाज तेवढा. मी बायबल मिटलं आणि जागेवर येऊन बसले, आणि सातव्या शब्दाला पुढचे काका उठले.

घरी परतताना एसटीत मला जूनमधली ती संध्याकाळ आठवत नव्हती. त्यानंतरच्या नाताळातला एक दिवस आठवत होता. नाताळनंतरच्या रविवारी आमच्या चर्चमागे प्रीतिभोजन असतं, मोठ्या पातेल्यात रस्सा, भात, बुंदी, लिंबाच्या झाडाखाली पंगती. माझ्या आठवणीत आई त्या जेवणात कधी बसलेली नाही. पदर खोचून वाढायला, पातेली उचलायला, लहान पोरांना आधी बसवायला, आणि सगळ्यात शेवटी कडेला उभ्या उभ्या ताटलीत दोन घास. लोक म्हणायचे बाई बसा आता, ती म्हणायची बसते, तुमचं होऊ दे. त्या वर्षी तिला उभंच राहता येत नव्हतं. आम्ही तिला रिक्षातून नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसवलं, पायावर शाल टाकली. तिची जुनी विद्यार्थिनी, आता तिलाही नातवंडं आहेत, पत्रावळ घेऊन आली आणि तिच्या मांडीवर ठेवली. आईने उठायला म्हणून खुर्चीच्या हातावर जोर दिला. ती बाई म्हणाली, बाई, राहू द्या, सगळं झालंय, सगळ्यांना वाढून झालंय, तुम्ही जेवा.

आईने एकदा पातेल्यांकडे पाहिलं. मग हात काढून घेतला आणि मागे टेकून बसली. सावकाश जेवली, बुंदीसुद्धा. आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेले तर पत्रावळीकडे बोट करून म्हणाली, अजून थोडा भात वाढ गं, छान झालाय.